कूर्मदासाला जेवूं कोणीं घातलें?

माढा तालुक्यांत लऊळ नांवाचें एक गांव आहे. तेथें कूर्मदासाची समाधि आहे. याच तालुक्यांत अरण येथें सांवता माळ्याची समाधि आहे. मराठवाड्यांतून पंढरपुराकडे उतरणाऱ्या दिंड्या या मुलखांतून जातात, त्यामुळें वारकऱ्यांना हीं दोन्ही स्थळें परिचयाचीं आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकांची गोष्ट निराळी. त्यांना सांवता त्याच्या अभंगांमुळें ठाऊक असतो. कूर्मदासाची ओळख रचनेपेक्षां कथेनेंच टिकून राहिल्यामुळें तो आमच्या वाङ्मयेतिहासाच्या दारांत उभा राहतो आणि तेथूनच परत जातो. असें असलें तरी परक्या माणसानें परक्या माणसाला केलेल्या लहानशा मदतीकडे मराठी वाङ्मयानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें, हा प्रश्न मनांत घेऊन जो कोणी जुनीं पुस्तकें चाळूं लागेल, त्यानें आरंभ या कथेपासूनच करावा असें मला वाटतें.

कथा थोडक्यांत अशी. पैठणचा कूर्मदास जन्मतःच हातापायांनीं अधू. कीर्तनांत पंढरीचा महिमा ऐकून त्याला विठ्ठलदर्शनाची ओढ लागली, आणि तो पोटावर सरपटत निघाला. दिवसाकाठीं कोसभर वाट सरे. अशा माणसाला वाटेंत अन्न कोण देणार? महिपतीच्या भक्तविजयांत आणि कीर्तनकारांच्या मुखीं याचें उत्तर तयार आहे. देवानें सावकाराचें रूप घेतलें, कूर्मदास सायंकाळपर्यंत जेथें पोंचेल तेथें आधींच डेरा ठोकला, आणि रोज त्याला जेवूं घातलें. पुढें एकादशी जवळ आली तेव्हां तो लऊळला होता. अंग सोलून निघालेलें, पुढें जाण्याचें त्राण नाहीं. मग त्यानें यात्रेकरूंबरोबर विठ्ठलाला चिठी धाडली, आणि नामदेव-ज्ञानदेवांसह देवच त्याच्या भेटीस निघाला. वाटेंत अरणला सांवत्याच्या मळ्यांत देव लपला तो प्रसंग याच प्रवासांतला.

कथेवर गणित करूं नये हें मला कळतें. परंतु वर्गांत शिकविण्याची संवय जडलेल्या माणसाला मोह आवरत नाहीं. पैठणापासून लऊळपर्यंत सरळ रेषेनें मोजलें तरी शंभर मैलांच्या आसपास अंतर भरतें. कोसाकोसानें तें तोडायचें म्हणजे दीड-दोन महिने लागणार. दिवसांतून एकदांच जेवला असें धरलें तरी पन्नास-साठ जेवणें झालीं. पाणी निराळें. रात्रीचें पांघरूण, पावसांत ओसरीवर घेणें, कुत्रीं हाकलणें, गाडीच्या वाटेंतून बाजूस सरकविणें, हें सारें निराळें. कूर्मदास नांवाचा माणूस खरोखर त्या वाटेनें आला असेल, तर पन्नास-साठ गांवांतल्या पन्नास-साठ बायकांनीं त्याच्या तोंडांत घांस घातलेला असला पाहिजे. कारण हात नसलेल्या माणसापुढें नुसतें ताट मांडून भागत नाहीं. या बायकांपैकीं एकहि कथेंत उरलेली नाहीं. साऱ्यांच्या भाकऱ्या सावकाराच्या डेऱ्यांत जमा झाल्या.

हा प्रकार एका कथेपुरता असता तर त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. पण आमच्या संतचरित्रांची ही जवळजवळ रीतच आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांना उघडून देतात आणि बिदरच्या दरबारीं धान्याची रक्कम भरण्याची वेळ येते. ती रक्कम घेऊन जो विठू महार जातो तो देव निघतो. पैठणास एकनाथांच्या घरीं बारा वर्षें पाणी भरणारा श्रीखंड्या देव निघतो. कोणीहि अनोळखी माणूस ओळखदेख नसतांना कांहीं करून गेला, कीं कथा त्याच्या मागें धांवते आणि त्याचा मुखवटा काढून आंत देव होता असें दाखविते. परका मनुष्य परका म्हणून आणि मनुष्य म्हणून चांगला वागूं शकतो, या गोष्टीवर आमच्या कथाकारांचा विश्वास बसत नव्हता कीं काय, असा प्रश्न पडतो.

येथें तुलनेसाठीं बायबलांतील, लूकच्या शुभवर्तमानांत आलेला, वाटमारींत सांपडलेल्या माणसाचा दृष्टान्त घ्यावा. इंग्रजी शिकलेल्या माझ्या पिढीला तो पाठ असतो. तेथेंहि मदत करणारा मनुष्य ऐकणाऱ्या समाजाच्या तिरस्कारास पात्र झालेल्या जमातीचा आहे. विठू महाराचें आणि त्याचें तेवढें साम्य आहे. पण त्या दृष्टान्तांतला शोमरोनी शेवटपर्यंत शोमरोनीच राहतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालतो, धर्मशाळेच्या मालकाला दोन नाणीं मोजून देतो, आणि आपल्या कामास निघून जातो. कोणी त्याचें रूप पालटीत नाहीं. ऐकणाऱ्याला तें कबूल करावें लागतें कीं ज्याला आपण शिवून घेत नाहीं त्यानें हें केलें. आमच्या कथेंत ऐकणाऱ्याची सुटका होते: तो महार नव्हताच, तो विठोबा होता! देव महाराच्या वेषांत दरबारीं गेला या कथेवर ज्या समाजानें शतकानुशतकें डोळे पुसले, त्याच समाजानें खऱ्या महाराला पंढरपूरच्या देवळांत १९४७ पर्यंत येऊं दिलें नाहीं. तेंहि साने गुरुजींनीं त्या वर्षीं मे महिन्यांत दहा दिवस उपोषण केलें तेव्हां. या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवल्या म्हणजे महिपतीच्या रसाळ ओव्या वाचतांना मन थोडें अवघडतें. तसें तें अवघडावें, असेंच मी म्हणेन.

तथापि या रीतीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या बोलण्याचालण्यांत रुजलेली आहे. माढ्याच्या बाजारांत किंवा कुर्डुवाडीच्या फलाटावर एखाद्या म्हातारीचें गांठोडें कोणी उचलून दिलें तर ती 'आभारी आहें' असें म्हणत नाहीं. आभार हा शब्द व्याख्यानांचा आणि लग्नपत्रिकांचा. तो आमच्या तोंडांत इंग्रजी शिष्टाचाराबरोबर स्थिर झाला. म्हातारी म्हणते, 'देव तुझं भलं करो, लेकरा.' उचलणाराहि 'त्यांत काय एवढं' म्हणून पुढें जातो. हिशोब दोघांमध्यें मिटत नाहीं. तो तिसऱ्याकडे सोंपविला जातो. मला वाटतें, कूर्मदासाच्या कथेंतील सावकार हा या म्हातारीच्या आशीर्वादाचाच विस्तार आहे. ज्याला हात नाहींत, पाय नाहींत, गांठीं पैसा नाहीं, त्यानें पन्नास गांवांचें ऋण कसें फेडावें? एकेका भाकरीचें ओझें घेऊन तो सरपटूं लागला तर लऊळपर्यंतहि पोंचता ना. कथेनें सारें ऋण देवाच्या नांवावर मांडून त्याला मोकळें केलें. घेणाऱ्याची मान ताठ राहावी म्हणून देणाऱ्याचें नांव पुसणें यांत एक प्रकारची समजूत आहे, आणि दानशूरांच्या नांवाच्या संगमरवरी पाट्या वाचीत धर्मशाळेंत शिरणाऱ्या आजच्या यात्रेकरूला तिचें मोल अधिक कळावें.

म्हणून त्या रीतीचा सरसकट धिक्कार मी करीत नाहीं. माझी तक्रार वाङ्मयीन आहे. नांव पुसलें तरी कृति दिसली पाहिजे. सावकाराच्या डेऱ्यांत अन्न आयतें येतें. तें कोणीं रांधलें, कूर्मदासाला तें कसें भरविलें, खातांना तो लाजला कीं काय, हें कांहींच दिसत नाहीं. चमत्कारानें कृतीचा तपशील गिळून टाकला.

तो तपशील जेथें राहिला आहे अशी जुनी कथा एकनाथांची. काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड, तापलेल्या वाळूंत तहानेनें पडलेलें गाढव, आणि नाथांनीं त्याच्या तोंडांत रिकामी केलेली कावड. येथें आपल्याला सारें दिसतें: वाळू, जीभ, पाणी, बरोबरच्या मंडळींचे चकित झालेले चेहरे. सांगणाऱ्यांपैकीं कांहीं जण याहि गाढवाचा अखेर देव करतात. त्यांनीं तो मोह आवरावा. गाढव पाणी पिऊन उठतें आणि आपल्या वाटेनें जातें, यांतच कथेचा सगळा जोर आहे. त्याला नाथांचें नांवहि माहीत नाहीं.

गद्याकडे वळलें म्हणजे हवा बदलते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तर हिंदुस्थानांत निघाले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांची हकीकत भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें 'माझा प्रवास' या नांवानें छापली. महूच्या अलीकडे त्यांची कंपनीच्या शिपायांशीं गांठ पडते, आणि ते शिपाई या अनोळखी भटांना सांगतात कीं पुढें लवकरच मोठा दंगा होणार आहे, तुम्ही मागें फिरा. क्षणभर विचार करावा. गुप्त राखण्यासारखी याहून मोठी बातमी त्या वेळीं हिंदुस्थानांत दुसरी नव्हती. ती फुटली तर सांगणाऱ्याच्या गळ्याला फांस. आणि ती सांगितली कोणाला, तर दक्षिणेच्या आशेनें पायीं चाललेल्या दोघा कोकणस्थ ब्राह्मणांना, ज्यांच्यापासून मिळण्यासारखें कांहीं नव्हतें. गोडसेभटजी ही गोष्ट सांगतात आणि पुढच्या मुक्कामाकडे वळतात. शिपायांच्या अंगीं देव संचरला असें ते म्हणत नाहींत, मनुष्यस्वभावावर प्रवचन करीत नाहींत. साऱ्या पुस्तकभर कोणी ओसरी दिली, कोणी शिधा दिला, कोणी लुबाडलें, याची नोंद त्यांनीं एकाच सुरांत केली आहे. दया आणि दगा दोहोंनाहि सारखींच वाक्यें मिळतात. झांशीच्या वेढ्याचें वर्णन म्हणून या पुस्तकाची कीर्ति आहे. मला त्यांतला हा निर्विकार जमाखर्च अधिक मोलाचा वाटतो.

याच्या अगदीं उलट टोंकाला 'श्यामची आई' उभी आहे. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत तें पुस्तक लिहिलें, १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत तें ग्रंथाहून कांहीं अधिक होऊन राहिलें आहे. त्यावर टीका करणें म्हणजे कोणाच्या तरी आईवर टीका केल्यासारखें होतें. तरी मोळीचा प्रसंग पाहावा. महार जातीची एक म्हातारी लांकडांची मोळी घेऊन चालली आहे; मोळी पडते; ती पुन्हां डोक्यावर चढवायला कोणी पुढें होत नाहीं. श्यामची आई श्यामला सांगते कीं जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग आंघोळ कर. श्याम तसें करतो. प्रसंग अतिशय चांगला निवडला आहे. मोळी एकट्याला उचलतां येत नाहीं, दुसरा हात लागतोच, आणि तो हात कोणाचा यावरच सारी रूढि उभी आहे: हें एका साध्या वस्तूंतून जितकें स्पष्ट होतें तितकें दहा व्याख्यानांतून होणार नाहीं. आईच्या त्या आंघोळीच्या सूचनेंतहि केवढें सत्य आहे! तिनें रूढि मोडली नाहीं. तिनें रूढीला बाजूस सारून वाट काढली, जशी त्या काळीं त्या घरांतली बाई काढूं शकली असती. गुरुजींनीं ती सूचना गाळली नाहीं याबद्दल त्यांच्यांतल्या लेखकाचा आदर वाटतो. दुर्दैवानें त्यांच्यांतल्या शिक्षकाला तेवढ्यावर थांबवत नाहीं. आई बोलूं लागते, सांगणाऱ्या श्यामचा कंठ दाटतो, आणि पान मिटल्यावर म्हातारीपेक्षां आईचें बोलणें आपल्या लक्षांत राहतें. ती म्हातारी पुढें किती लांब गेली, मोळी विकली गेली का, हें विचारण्याचें आपल्याला सुचत नाहीं. महिपतीच्या कथेंत अनोळखी माणूस देवांत विरघळतो. येथें तो आपल्या डोळ्यांतल्या पाण्यांत विरघळतो.

ज्या माणसाला ती मोळी कोणीं उचलून दिली नाहीं, त्याची साक्ष आतां काढली पाहिजे. डॉ. आंबेडकरांनीं १९३५-३६ च्या सुमारास कांहीं आठवणी इंग्रजींत लिहून ठेवल्या होत्या; पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें त्या १९९० मध्यें पुस्तिकारूपानें छापल्या. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची आहे. सातारा जिल्ह्यांत दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तेथें वडील रोखपाल होते. त्यांना भेटायला दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे मंडळी आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेलें नाहीं. मुलांचे कपडे नीटनेटके आहेत. स्टेशनमास्तर आपण होऊन जवळ येतो, चौकशी करतो. येथपर्यंत तो कोणाहि भल्या स्टेशनमास्तरासारखा आहे. मग तो विचारतो, तुम्ही कोण? उत्तर ऐकतांच त्याचा चेहरा पालटतो आणि तो निघून जातो.

परंतु, आणि हें लक्षांत घेण्यासारखें आहे, अर्ध्या तासानें तो परत येतो. कोणी गाडीवान या मुलांना घ्यायला तयार नाहीं, दुप्पट भाडें दिलें तरी नाहीं. तेव्हां स्टेशनमास्तरच तोड काढतो: मुलांनीं स्वतः गाडी हांकावी, गाडीवानानें बरोबर पायीं चालावें, भाडें दुप्पट. गाडी निघते. पुढें रात्रीं नाक्यावर मुलें पाणी मागतात. गाडीवानाच्या सल्ल्यानें त्यांनीं आपण मुसलमान असल्याचें सांगितलें आहे, तरी नाकेदार पाणी देत नाहीं. बरोबर जेवण भरपूर आहे, पाणी नाहीं. मुलें तशींच निजतात.

हीं पानें मीं अनेकदां वाचलीं आहेत, आणि दर वेळीं मला त्या स्टेशनमास्तरापाशीं थांबावें लागतें. त्याला खलपुरुष करून टाकणें सोपें होतें. डॉ. आंबेडकरांनीं तें केलें नाहीं. तो आधीं आला हेंहि त्यांनीं लिहिलें, गेला हेंहि लिहिलें, आणि परत येऊन त्यानें वाट काढली हेंहि, न चिडतां, न आभार मानतां, लिहिलें. त्या अर्ध्या तासांत त्याच्या मनांत काय झालें, तें पुस्तकांत नाहीं. परंतु मराठी माणसाच्या परोपकाराचा सारा इतिहास मला त्या अर्ध्या तासांत दाटलेला दिसतो. श्यामच्या आईनें 'मग आंघोळ कर' असें म्हणून जी तोड काढली, तिचीच ही बहीण: मदत करायची, पण शिवायचें नाहीं. फरक एवढाच कीं एक तोड मोळी उचलून देणाऱ्याच्या बाजूनें लिहिली आहे आणि दुसरी मोळी वाहणाऱ्याच्या. दोन्ही वर्णनें शेजारीं ठेवून वाचल्यावांचून कोणतेंहि एक पुरतें समजत नाहीं, असें मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलों आहें.

आमच्याकडे परक्याला मदत करण्याआधीं 'कोण?' हा प्रश्न येतो. वारीनें यावर एक युक्ति योजली. वाटेवर जो भेटेल तो 'माउली'. प्रश्न विचारण्यापूर्वींच उत्तर दिलेलें असतें, म्हणून त्या दिवसांत चांभार फुकट वहाणा शिवून देतो, न्हावी दाढी करतो, आणि घरापुढें मांडलेल्या रांजणांतून पाणी पितांना कोणी कोणाचें आडनांव विचारीत नाहीं. वारी संपली कीं तोच माणूस आडनांव विचारूं लागतो, असा टोमणा यावर मारतां येईल, आणि तो अगदींच खोटा नाहीं. तालुक्यांत उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, जेथें ज्वारी होती तेथें ऊस उभा राहिला. कुर्डुवाडीहून पंढरपुरास १९०६ पासून धांवणारी बार्शी लाइट रेल्वेची धाकटी गाडी जाऊन तेथें मोठा रूळ आला. पाणी मुबलक झालें, वाट जलद झाली. 'कोण?' हा प्रश्न मात्र अजून डब्यांत बसल्याबरोबर ऐकूं येतो: 'आपण कुठले? आडनांव?' पुष्कळदां त्यांत नुसती आपुलकीहि असते. ज्याला तो विचारला जातो त्यालाच त्यांतला फरक ऐकूं येतो.

आमच्या कादंबरीकारांनीं हा डबा अजून पुरता वापरलेला नाहीं. अनोळखी माणसांची गांठ ही कथेंत बहुधा योगायोग म्हणून येते. पुढें ती माणसें प्रेमी, वैरी किंवा हरवलेले भाऊ निघतात. दोघांनीं एकमेकांना थोडीशी जागा दिली, डब्यांतली भाकरी वांटली, आणि स्टेशनावर उतरून तीं पुन्हां कधीं भेटलीं नाहींत, एवढ्यावर कथा उभी करायला गोडसेभटजींची निर्विकार वृत्ति पाहिजे, आणि ती दुर्मिळ आहे.

लऊळच्या कथेंतली एक गोष्ट सांगायची राहिली. कूर्मदासानें पंढरीला चिठी पाठविली, हें कथेच्या बहुतेक रूपांत आहे, आणि कीर्तनांत तो भाग फार रंगतो. चिठींतला मजकूर, देवाची लगबग, रुक्मिणीचें विचारणें, सगळें साग्रसंगीत होतें. पण कूर्मदासाला हात नव्हते. तेव्हां ती चिठी दुसऱ्या कोणीं तरी लिहिली असली पाहिजे. एकादशी गांठण्याची घाई असतांना वाटेच्या कडेला बसून, तो सांगेल तें ऐकून, कोणा यात्रेकरूनें ती लिहिली आणि कोणी तरी ती कंबरेला खोवून नेली. सावकार तोंपर्यंत अंतर्धान पावलेला होता, आणि महिपतीनेंहि या ठिकाणीं देवाला लेखनिक केलेलें नाहीं. बहुधा तें त्याच्या ध्यानांत आलें नसावें.